पाण्याचा हिशेब : खानदेशातील पाणलोट आणि आपले विद्यार्थी



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर पंडित मंडळींनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंज्या अंथराव्या, हाच खरा रिवाज. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, गावच्या वाचनालयात आणि संपाच्या दिवसांतील रिकाम्या दुपारी. तेव्हा विद्यार्थ्यांना पाणी कसे शिकवावे या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर काही शिक्षक मित्र गालात हसले, तर त्यात त्यांचे चुकले नाही. पण आमच्या युनियनमध्ये पाणीपुरवठ्याचे कामगार पुष्कळ आहेत. व्हॉल्व्ह फिरवणारे, पंप चालवणारे, फुटलेल्या नळाच्या खड्ड्यात रात्री दोन वाजता कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणारे. त्यांच्यामुळे या विषयाशी माझा संबंध आला, आणि मग पुस्तकांतून तो वाढत गेला.

एकदा सभासदांच्या मुलांना मी विचारले, “घरात पाणी कोठून येते?” “नळातून.” “नळात कोठून येते?” “टाकीतून.” “आणि टाकीत?” यावर एका व्हॉल्व्हमनचा मुलगा छाती पुढे काढून म्हणाला, “माझे पप्पा सोडतात!” युनियनचा माणूस म्हणून या उत्तराचा मला अभिमान वाटला. कामगाराचे नाव घेणारा निदान एक तरी निघाला! पण टाकीच्या पलीकडे एकाही मुलाची नजर गेली नाही, आणि त्या मुलांच्या आईबापांना विचारले असते तर ती फार पुढे गेली असती असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी आला की आपण सगळे भांडतो ते टाकीशी आणि व्हॉल्व्हमनशी. डोंगराशी कोणी भांडत नाही.

पर्यावरण हा विषय सर्व मुलांना शिकवावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. अलीकडे आपल्या राज्यात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा विषयही आला. ही चांगली गोष्ट झाली. परंतु पुस्तक सगळ्या महाराष्ट्राचे असते आणि तहान गावाची असते. धुळ्याच्या मुलाला जगातील गोड्या पाण्याचे शेकडा प्रमाण पाठ असते. पांझरा कोठे उगवते आणि कोठे मिळते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, पाणी हा विषय आपल्या मुलांना इतिहास म्हणून शिकवावा. आपल्या नदीचा इतिहास, म्हणजे ते पाणी कोणी अडवले, कोणी वाटले, कोणी राखले आणि कोणी उधळले त्याचा हिशेब. हा हिशेब एके काळी आपल्याकडे चोख होता. तेथूनच सुरुवात करतो.

पांझरा पश्चिमेकडे साक्री तालुक्यातील डोंगरांत उगम पावते. पिंपळनेरवरून ती पूर्वेला उतरते, वाटेत कान नदी तिला मिळते, धुळे शहराच्या मधून ती जाते आणि मग उत्तरेकडे वळून मुडावदजवळ कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला भेटते. या नदीवर आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवर फडाची पद्धत चालत आली. अभ्यासक तिचे वय तीन-चारशे वर्षांचे मानतात. नदीत योग्य जागा पाहून दगडचुन्याचा बंधारा घालायचा, त्याच्या काठावरून पाट काढायचा, पाटाला चाऱ्या, चाऱ्यांना सारंग, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीत जावे म्हणून सांडम. पाट दोन मैलांचाही असे आणि सात-आठ मैलांचाही. त्या पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार मोठे भाग पाडत, ते फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात भात किंवा गहू, एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदलायची.

शहरातल्या श्रोत्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण जरा बारकाईने पाहा. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी पडला तर गाव ठरवी की यंदा दोनच फड भिजवायचे. मग सगळ्यांचेच दोन तुकडे भिजत आणि सगळ्यांचेच दोन कोरडे राहत. पाटाच्या तोंडाशी असलेला पाटील हिरवा आणि शेपटाकडचा गरीब कोरडा, असे होण्यास वावच नव्हता. टंचाई आली तर ती वाटून यायची. समतेवर आम्ही मंडळींनी मैदानांत भाषणे पुष्कळ केली. येथे ती जमिनीच्या आखणीतच घालून ठेवली होती.

आणि त्यात कामगार होते. माझ्या आवडीचा भाग हाच आहे. शेतकऱ्याने आपल्या शेताचे बारे आपण फोडायचे नाही, असा फडाचा दंडक होता. पाणी देई तो बारेकरी. पाटाची देखरेख करी तो पाटकरी. त्यांच्यावर हवालदार, आणि उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या. या सगळ्यांचा मेहनताना थळाने मिळून द्यायचा, तोही बहुधा धान्याच्या रूपात, पीक निघाले की खळ्यावर. पाणी पिणारा, पाणी देणारा आणि पाणी येते ती नदी असे तिघेही एका नजरेच्या टप्प्यात होते. पाटाला गाळ आला की गावाने मिळून काढायचा. मुले बापाबरोबर जात. पाणलोट हा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता, पण पाट भरून वाहायला लागला की वर पिंपळनेरकडे कसा पाऊस झाला असेल हे फडावरचे पोरगेसुद्धा सांगे.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. फडाचा बंधारा म्हणजे धरण नव्हे. तो पाणी साठवत नाही, नुसते वळवतो. म्हणजे पावसाळा संपल्यावरही नदी वाहती राहिली तरच हिवाळ्यात पाटाला पाणी मिळणार. आता पावसाळ्यानंतर नदीत पाणी येते कोठून? ते डोंगरातून झिरपत येते. आपला खानदेश बराचसा काळ्या पाषाणावर बसला आहे. या दगडाच्या पोटात पाणी फार मावत नाही. ते मावते दगडाच्या भेगांत, वरच्या मुरुमात आणि त्यावरच्या मातीत. त्या मातीला झाडांच्या मुळ्यांनी धरून ठेवले, पालापाचोळ्याने झाकले, तर पावसाचे पाणी आत जाते आणि महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने नदीला मिळते. माती उघडी पडली की तेच पाणी चार तासांत लोंढा होऊन जाते, आणि जाताना मातीही घेऊन जाते. म्हणून फडाच्या पाटातले हिवाळी पाणी हे डोंगराच्या तब्येतीचे मापच समजावे.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा हा मुलूख उजाड झाला होता. होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे निवडले आणि पांझरेच्या काठी नवी वस्ती आखली. (हाच ब्रिग्ज पुढे फेरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध झाला.) आपल्या धुळ्याच्या सरळ गल्ल्यांचे कौतुक आपण करतो ते या आखणीचे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ओसाड जमीन लागवडीखाली आली, लोक येऊन वसले. १८६० नंतरच्या दशकात रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा आला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची भरभराट त्या काळातली. पीक वाढले, पेठा वाढल्या, पुढे गिरण्या आल्या, आणि गिरण्यांमुळे आम्ही युनियनवाले आलो; तेव्हा या प्रगतीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्या कापसाची एक बाजू डोंगरावर लिहिली गेली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी, इंजिनांच्या जळणासाठी, वाढत्या गावांच्या घरांसाठी लाकूड लागले. देशभर जंगले तुटली आणि सह्याद्री-सातपुडा त्यातून सुटले नाहीत. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले ठरली. मात्र त्या कायद्याने कुऱ्हाड काढून घेतली ती भिल्ल-कोकण्यांच्या हातातली. सरकारच्या व ठेकेदाराच्या हातातली कुऱ्हाड होती तेथेच राहिली.

१८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा यांना भयंकर पूर आला. धुळ्यात घरे वाहून गेली. हा पूर जंगलतोडीचे फळ होते असे मी म्हणणार नाही. शेजारच्या डोंगरावर घनदाट रान असले तरी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की नदी चढणारच. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांना वाटेल ते सांगू नये. जेवढे सिद्ध आहे तेवढेच सांगावे. पूर डोंगरामुळे येतो की नाही यावर वाद होऊ शकेल, पण डोंगर बोडका झाल्यावर नदी लवकर आटते आणि तळी गाळाने भरतात याबद्दल वाद नाही.

त्या काळातही हे ज्याला दिसले असा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होता. १८८३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडेकीटक, जनावरांचे शेण हे सारे पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी पोसली जाई, आणि जंगल खात्याच्या कारभाराने ते कसे तुटले, हे त्यांनी मांडले आहे. उपायही सांगितला : सरकारने पोलीस आणि लष्करातील जास्तीची माणसे लावून ठिकठिकाणी तालीबंधारे बांधावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरून मगच नदीनाल्याला मिळेल. पाणलोट विकास म्हणून आज ज्याचे वर्ग चालतात त्याचा गाभा यात सगळा आला. शेतकऱ्याच्या मुलाला शिकवायचे पुस्तक म्हणून ‘असूड’ वाचावा, असे मला वाटते. तो आपण समाजसुधारणेच्या कपाटात ठेवला आणि शेतीच्या कपाटात ठेवायला विसरलो.

फुल्यांनी लिहिले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तेवीस वर्षांचा इंजिनियर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागला आणि त्याची नेमणूक आमच्या बाजूला झाली. पांझरेच्या एका पाटासाठी दातर्ती येथे नळाचा सायफन बांधण्याचे काम त्याच्याकडे होते. पावसाने काम अडले, वरिष्ठांशी पत्रापत्री झाली, शेवटी ते पुरे झाले. आपल्या आठवणींत त्यांनी ही हकीकत दिली आहे. पुढे त्यांनी कालव्यांसाठी गटपद्धती सुचवली, तीत एका गटात ठरलेले पीक आणि ठरलेले पाणी असा विचार होता. फडाशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. दातर्तीला साक्रीकडची मुले रोज एस.टी.ने येतात-जातात. भारतरत्न झालेल्या माणसाने आपल्या कामाचा श्रीगणेशा येथे केला हे त्यांतल्या कितींना कोणी सांगितले असेल?

आता जळगावकडे वळतो, कारण तेथे धडा निराळा आहे. जळगावला पहिले नळाचे पाणी आले ते मेहरूण तलावाचे. गावापासून जवळच, डोळ्यांनी दिसणारा तलाव. मेहरूणची बोरे सगळ्यांना माहीत आहेत; त्या बोरांच्या बागा तलावाच्या बाजूलाच होत्या. गाव वाढत गेले, बागांच्या जागी घरे आली, तलावाच्या उतारावर रस्ते आणि गटारे झाली, आणि ज्या तलावाचे पाणी आजोबा प्यायले त्यात नातवाने पाय बुडवावा की नाही असा प्रश्न पडू लागला. मग जळगावने काय केले? तलाव राखण्याऐवजी दूरचे पाणी आणले. आधी गिरणा, मग वाघूर. यात जळगावची निंदा नाही. सगळी शहरे हेच करतात. जवळचे पाणी नासवायचे आणि नळ लांबवायचा. नळ जितका लांबतो तितका माणसाचा आणि पाण्याचा संबंध तुटतो.

वाघूर नदीचे तर मला नेहमी नवल वाटते. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते. लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखे वळण घेऊन जाणारा जो प्रवाह आहे तोच हा. जळगावच्या शाळांच्या सहली दर वर्षी अजिंठ्याला जातात. मुले पद्मपाणी पाहतात, गुहांचे क्रमांक वहीत लिहितात, पुलावर उभे राहून खाली वेफरच्या पिशव्या टाकतात आणि परत येऊन त्याच नदीचे पाणी पितात. त्या पुलावर शिक्षकाने पाच मिनिटे थांबून “हे पाणी तुमच्या घरी येते” एवढे सांगितले तर वर्षभराचे पर्यावरण तेथे शिकवून होईल. बौद्ध भिक्षूंनी ती जागा निवडली तीसुद्धा पाण्यावर नजर ठेवूनच. डोंगराचे पाणी गोळा करणाऱ्या कोरीव टाक्या आणि पन्हळी आपल्या बहुतेक लेण्यांत आहेत. सहलीत त्या दाखवतो कोण?

पूर्वीच्या खानदेशात बऱ्हाणपूरही येई. फारुकी सुलतानांची राजधानी तेथे होती, आणि १६०१ साली असीरगड पडल्यावर ते मोगलांकडे गेले. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण पाण्याला प्रांताच्या सीमा कळत नाहीत, म्हणून तेथला दाखला देतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तेथे ‘खुनी भंडारा’ किंवा कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यावर पडलेले पाणी जमिनीखालून तापीकडे सरकते, हे त्याने ओळखले. त्या वाटेवर भूमिगत भुयार खणून शंभराहून अधिक कुंड्यांच्या ओळीतून ते पाणी नुसत्या उताराने शहरात आणले. पंप नाही, वीज नाही. चारशे वर्षे झाली तरी त्यातले काही पाणी अजून वाहते.

त्याच सातपुड्याच्या पायथ्याला आपले चोपडा, यावल, रावेर तालुके आहेत. डोंगरातून येणारे नाले येथे दगडगोटे आणि भरड वाळू टाकतात, त्या पट्ट्यात पाणी भराभर मुरते. जमिनीखालचे हे कोठार मोठे होते, म्हणूनच येथे केळी बहरली आणि जळगावच्या केळीचे नाव देशभर झाले. केळीच्या शेतकऱ्याचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण विहीर चाळीस हातांवरून बोअरवर गेली, बोअर दोनशे फुटांवरून पुढे पुढे जात राहिली, आणि रावेर व यावल यांची गणना आज भूजल अतिउपसा झालेल्या तालुक्यांत होते. तब्कुतुल अर्जने जेवढे मुरते तेवढेच घेतले, कारण त्याच्या साधनाला जास्त घेताच येत नव्हते. आपल्या मोटारीला अशी मर्यादा नाही. ही मर्यादा कायद्याने घालावी की गावाने एकत्र बसून घालावी, हा खरा प्रश्न आहे. फडाकडे पाहिले तर उत्तर दुसरे दिसते.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून निराळा प्रयोग झाला. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी तेथे नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी केली. तापीकाठच्या गाळात वरचे पिवळ्या मातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत, तेव्हा ते कापून खालच्या थरांपर्यंत वाट करून द्यायची, असा त्यांचा विचार. अनेक विहिरींना त्याने पाणी आले. पुढे मात्र ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून जेथे तेथे यंत्रे लावून नाले खोदण्याची लाट आली. खालचा दगड कोणता, वरचा डोंगर कोणाचा, हे न पाहता नुसता नाला खोल केला तर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही त्यात उतरते. शाळेत हे दोन्ही सांगावे. यशाच्या गोष्टीपेक्षा यशाचे कारण शिकवणे मोलाचे.

नदीच्या पात्रातील वाळूबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, जरी ते बोलणे काही मंडळींना आवडत नाही. वाळू म्हणजे नदीची घागर. नदी वरून आटली तरी वाळूत पाणी राही, बाया झिरे खणून वाटीने हंडा भरत. वाळू गेली की ती घागर गेली, काठच्या विहिरी खाली गेल्या. गिरणेच्या पात्रात आज जेथे तेथे खड्डे दिसतात ती वाळू आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये आहे. वाळू उपसणारे मजूर आमच्याच वस्त्यांतले. त्यांना चोर म्हणणे सोपे असते, आणि ट्रॅक्टरमागे त्यांना काय मिळते हे विचारणे अवघड. युनियनचा माणूस म्हणून मला या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे लागते, आणि ते सुखाचे नाही.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लाखो माणसे खडी फोडायला आणि माती उचलायला गेली. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली विधिमंडळाने तो केला. रोहयोवर पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झाले, बांध पडले. फुल्यांनी पोलिसांकडून व लष्कराकडून जे करून घ्या म्हटले ते शेवटी उपाशी बायाबापड्यांनी केले. त्यांतले कित्येक तलाव आज गाळाने भरले आहेत, कारण तलाव बांधला पण त्याच्या वरचा उतार तसाच उघडा ठेवला. घरात पाणी गळत असताना छप्पर सोडून बादली बदलत राहावे तसे हे झाले. मोठ्या धरणांचेही तेच. तापी-पूर्णेच्या संगमाखाली १९८२ मध्ये पुरे झालेल्या हतनूरला एक्केचाळीस दरवाजे आहेत. पूर्णा नदी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून येते आणि येताना ती जमीनच बरोबर घेऊन येते. हतनूरच्या पोटातला गाळ हे कोणा शेतकऱ्याचे शेत होते, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला सांगितली पाहिजे. तापीचे खोरे सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटरचे. त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग आपल्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे सुरतेपर्यंतच्या नदीची तब्येत मुख्यतः आपल्या हातात आहे.

डोंगर दुरुस्त होऊ शकतो का? होतो. साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथे चैत्राम पवार आणि गावकरी यांनी १९९० नंतरच्या काळात जंगल राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी केली, चराईवर नियम घातले, मोडणाऱ्याला दंड ठेवला, उतारावर चर खणले, पाणी अडवले. सुमारे अकराशे एकर रान उभे राहिले. ज्या गावाला पाणी नव्हते त्याच्या विहिरींना पाणी आले, शेजारच्या गावांनाही मिळू लागले, आणि कामासाठी बाहेर जाणे कमी झाले. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. आमच्या शाळांतून त्यांचे सत्कार झाले, हार घातले गेले. पण बारीपाड्याच्या लोकांनी केलेले काम म्हणजे झाडे लावणे, एवढेच आपण मुलांना सांगतो. मुख्य गोष्ट तेथले नियम आहेत, आणि ते नियम फडाच्या जातीचे आहेत : सगळ्यांनी मिळून ठरवायचे, राखणदार ठेवायचा, टंचाई वाटून घ्यायची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येतो. जे गाव डोंगर राखते त्याचा डोंगरावर हक्क असावा, यात शहराने कुरकुर करण्याजोगे काही नाही.

उलट शहराने देणे लागते. न्यूयॉर्क हे अमेरिकेतील अफाट शहर. त्याचे पिण्याचे पाणी बरेचसे दूरच्या कॅट्स्किल डोंगरांतून येते. १९९७ साली त्या शहराने डोंगरातील गावांशी करार केला. गाळण्याचे प्रचंड यंत्रघर बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांना पैसे देऊन जमीन आणि नाले स्वच्छ राखून घ्यायचे, असा तो व्यवहार. व्यापाऱ्यांचे शहर आहे ते. धर्म म्हणून नव्हे, स्वस्त पडते म्हणून केले. धुळे आपली पाणीपट्टी भरते त्यात पंपाची वीज आहे, तुरटी आणि ब्लीचिंग आहे, कामगाराचा पगार आहे (तो वेळेवर झाला तर). साक्रीच्या डोंगरातल्या माणसाचा एक पैसा त्यात नाही. तोच माणूस दिवाळीनंतर कुटुंब घेऊन ऊसतोडीला गुजरातकडे जातो, आणि त्याच्या मुलाची शाळा बुडते. पाणलोटाचा धडा ज्या वर्गात शिकवायचा त्या वर्गातली ही मुले हजेरीपटावर असतात, बाकावर नसतात.

शिक्षकांसाठी थोडे प्रत्यक्ष सांगतो. पाण्याचे गणित मुलांकडून करवून घ्या. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. शाळेचे छप्पर पाचशे चौरस मीटर धरले आणि वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटर, तर तीन लाख लिटर होतात. हे तीन लाख लिटर जातात कोठे, असे विचारा आणि मुलांना पन्हळीपासून गटारापर्यंत चालत न्या. दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत शेताच्या बांधावरचे पावसाळी पाणी, दुसरीत गवताळ उतारावरचे. रात्रभर ठेवून गाळाची जाडी पट्टीने मोजा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आणि वर्षातून एकदा वर्गाला पाण्याच्या वाटेने उलटे न्या : नळ, टाकी, पंपघर, नकाणे किंवा डेडरगावचा तलाव, पाट, नदी, आणि शक्य झाले तर पिंपळनेरच्या पुढचा डोंगर. वाटेत जो जो माणूस पाण्याचे काम करतो त्याच्याशी मुलांना बोलू द्या. त्याचे काम काय, पगार किती, पाणी कमी आले तर शिव्या कोण खातो, हे त्यांनी वहीत लिहावे. काही मुख्याध्यापक म्हणतात की हा राजकारणाचा विषय झाला. पाण्याच्या वाटेवर माणसे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही गेली काही वर्षे दिवाळीच्या सुटीत सभासदांच्या मुलांना असे नेतो. दोन दिवस लागतात, एक टेम्पो आणि पिठलेभाकरी. साक्रीच्या बाजूला काही गावांत फडाचे पाट अजून चालतात. नदीवर वर लाटीपाडा आणि मालनगाव ही धरणे झाल्यापासून पाट नदीच्या नैसर्गिक वाहण्यावर कमी आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावर जास्त चालतो. ते पाणी केव्हा सुटणार हे गावाच्या बैठकीत ठरत नाही, कचेरीत ठरते. शेतकऱ्यांनी विहिरी केल्या, ज्याच्या त्याच्या मोटारी झाल्या, एका फडात चार पिके दिसू लागली. पाटकऱ्याच्या हातात कुदळ आहे आणि कानाला मोबाइल आहे. गेल्या खेपेस एका मुलीने त्याला विचारले की तुमच्यानंतर हे काम कोण करणार. त्याने सांगितले, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. मग तो तिला पाटाच्या काठाने दूरवर घेऊन गेला आणि सांडम कोठे उघडायचे, गाळ कोठे साचतो, कोणत्या वळणावर उंदीर बीळ करून पाट फोडतात, हे सगळे दाखवत राहिला. आमची भाकरी खाऊन झाली, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी त्याचे सांगणे चालूच होते.